करवंदाचा ब्रॅम्बल

ज्या पदार्थाविषयी मत द्यावयाचे तो एकदा तरी जिभेवर ठेवून पाहावा, या मताचे आम्ही आहोत. म्हणूनच मे महिन्यात लांजीस बहिणीच्या घरी भाच्याने पुढे केलेला पेला आम्ही नाकारला नाही. भाचा गोव्यातील एका हॉटेलात कॉकटेले बनवितो. गावात मात्र त्याची आई ‘मुलगा हॉटेलात नोकरीस आहे’ एवढेच सांगते. ‘दादा, त्याला ते काम सोडायला सांगा,’ असे तिने आम्हांस आधीच बजावले होते.

पेयाचे नाव ब्रॅम्बल, म्हणजे काटेरी झुडूप. इंग्लंडात कुंपणाकुंपणाने वाढणाऱ्या ब्लॅकबेरीचे. १९८० नंतरच्या दशकात लंडनच्या सोहो भागात डिक ब्रॅडसेल नावाच्या बारमनने ते प्रथम बनविले. बालपणी आइल ऑफ वाइट बेटावर वेचलेल्या या फळांची आठवण त्यामागे होती. फोडलेल्या बर्फावर ५० मिलिलिटर जिन, २५ मिलिलिटर लिंबाचा रस व थोडा साखरेचा पाक. शेवटी वरून ब्लॅकबेरीच्या गोड मद्याची धार. जिनला तिचा गंध ज्युनिपरच्या फळांनी येतो. आपल्या वैद्यकातील हपुषा ती हीच. ब्लॅकबेरी लांजीत कोठली? भाच्याने करवंदे साखरेत आटवून त्यांचा दाट रस केला होता. झुडूप बदलले, काटे राहिले!

पहिल्या घोटास लिंबाचा आंबटपणा, मागून राळेसारखा वास, आणि मग बर्फातून हळूहळू उतरणारा जांभळा गोडवा. खरे सांगावयाचे तर फार रुचकर लागले, आणि भय वाटले तेही त्यामुळेच. मोहाची दारू दुरूनच आपली वर्दी देते. नाकास कळते, शेजाऱ्यासही कळते. येथे जिन लिंबाआड, करवंदाआड दडून बसली होती, आणि ती शंभरात सुमारे ४३ भाग मद्यार्काची! सरबत समजून कोणी तीन पेले रिचवील व उठू लागल्यावरच त्यास काय ते उमगेल. (मध्य प्रदेश शासनाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्यास ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता दिली, तेव्हा उद्या तेही अशाच पेल्यात शिरेल. ते असो.)

भाच्यास आम्ही हे बोलून दाखविले.

‘फादरमामा, म्हणूनच मोजून ओततो. तिसरा पेला मागणाऱ्यापुढे मी आधी पाणी ठेवतो.’

‘आणि पाणी नको म्हणाला तर?’

तो क्षणभर थांबला. ‘मग मॅनेजरकडे पाहतो,’ हळूच म्हणाला.

मॅनेजर काय करतो, हे आम्ही विचारले नाही. त्याचा चेहरा पुरेसा बोलका होता. नोकरी सोड, असेही आम्ही म्हटले नाही. त्या पाण्याच्या पेल्यासाठी तेथे कोणीतरी असावयास हवे, आणि पुढचा निर्णय त्याचा त्यानेच करावयाचा.

बहीण यावर रुसली. उरलेल्या करवंदाच्या रसात माठाचे पाणी घालून तिने सर्वांना सरबत दिले. भाच्याने घोट घेतला आणि म्हणाला, ‘आई, लिंबू कमी पडलं.’