बर्फ, खळ आणि ग्रीटिंगचा डबा

फोनवर ‘व्हिंटेज ख्रिसमस कोलाज’ शोधलं की स्क्रीनभर बर्फ दिसतो. बर्फाने वाकलेली झाडं, लाल छातीचा रॉबिन पक्षी, घोडे जुंपलेली घसरगाडी, आणि या सगळ्यावर चहा सांडल्यासारखी पिवळट छटा. अंबाजोगाईचा डिसेंबर वेगळा असतो. ज्वारी हुरड्यावर येऊ लागते, तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळतात आणि आसपासच्या गावांत ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं असतात. इथल्या माणसाला जुन्या वळणाचं नाताळचं कोलाज भेट द्यायचं, तर त्यात जुनं म्हणून काय चिकटवायचं?

हा प्रश्न मला पडला तो शेजारच्या मावशींमुळे. त्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या, नोकरीसाठी इकडे आल्या आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिल्या. गल्लीतली मोठी माणसं त्यांना सिस्टर म्हणतात, आम्ही पोरं मावशी. दिवाळीत फराळाचं ताट आमच्याकडून त्यांच्याकडे जायचं. नाताळात त्यांच्या दारावर कागदाची चांदणी लागली की तेच ताट करंज्या आणि केक घेऊन परत यायचं. गेल्या वर्षी घर विकायचं ठरलं. जानेवारीत मुलाकडे पुण्याला जायचं, त्याचा फ्लॅट लहान, सामान दोन बॅगांत बसेल एवढंच. आवराआवर चालली होती तेव्हा त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला.

“हे रद्दीत घाल गं. तिथं कुठं ठेवू?”

डब्यात ग्रीटिंग होती. साधारण चाळीस वर्षांची. मी तो डबा रद्दीत घातला नाही, घरी आणला.

ग्रीटिंग कार्डाचा इतिहास पाहिला तर गंमत वाटते. छापून विकलेलं पहिलं नाताळचं कार्ड लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली काढलं. जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि हजार प्रती छापल्या. त्या कार्डावर बर्फ नाही. मधोमध जेवायला बसलेलं कुटुंब आहे, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि कपडे देणारी माणसं. बर्फ, रॉबिन, गुबगुबीत देवदूत यांचा पूर आला तो नंतर, रंगीत शिळाछपाई स्वस्त झाल्यावर. एकेका रंगासाठी वेगळा दगड, असे अनेक ठसे एकावर एक. जर्मनीतल्या छापखान्यांतून कापून तयार केलेली, उठावाची चित्रं निघायची आणि तिकडच्या घरांत ती वह्यांत, पडद्यांवर चिकटवली जायची. आज ज्याला आपण व्हिंटेज म्हणतो ती ही चिकटवाचिकटवी.

तेच तंत्र आपल्याकडेही आलं. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तेव्हा यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले होते. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या, आणि हौशी बायकांनी त्या तसबिरींवर जर आणि टिकल्या चिकटवून देवींना साड्या नेसवल्या. म्हणजे आमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि मावशींच्या डब्यातला देवदूत हे एकाच छापाच्या घराण्यातले. कोलाज करायला आपल्याला परदेशातून शिकायची गरज नव्हती.

डबा जमिनीवर रिकामा केला. माझा पहिला विचार होता की बर्फ बाजूला काढायचा आणि इथलं तेवढं ठेवायचं. इथलंही होतंच. एका कार्डावर साडी नेसलेली मरिया होती. असं चित्रण आपल्याकडे नवं नाही. अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोव्याच्या चित्रकाराने पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून कितीतरी मरिया साडीत रंगवल्या. पण कार्डं उघडून वाचायला लागले आणि बर्फ बाजूला काढायचा विचार मागे पडला. सगळ्यात जास्त बर्फ असलेल्या कार्डाच्या आत मिरजेच्या एका मैत्रिणीने निळ्या शाईत लिहिलं होतं, “तुझी नाइट ड्युटी संपली का? इकडे पाणी दिवसाआड येतं.” बाहेर बर्फ, आत पाणीटंचाई. हा बर्फ चाळीस वर्षं मराठवाड्याच्या उन्हात या बाईच्या घरी येत होता. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला, आता तो परका आहे असं कोण म्हणेल? बर्फ ठेवला.

खरी अडचण पुढे होती. नेटवरच्या पद्धतीने जायचं तर देवदूत कापायचा, फुलं कापायची, एकावर एक रचायची. पण ग्रीटिंगला दोन बाजू असतात. चित्र कापलं की मागची अक्षरं तुटतात, चिकटवलं की ती कायमची झाकली जातात. अनोळखी माणसाच्या भिंतीसाठी चित्र पुरेसं आहे. मावशींसाठी मात्र अक्षर महत्त्वाचं होतं. लिहिणाऱ्यांतले काही आता हयात नाहीत.

म्हणून एक नियम केला. मूळ कार्डाला कात्री लावायची नाही. देवदूत, घंटा, रॉबिन यांचे रंगीत झेरॉक्स काढले आणि कापाकापी त्यांच्यावर केली. घडीच्या कार्डाचं फक्त मागचं पान चिकटवलं, म्हणजे पुढचं पान दारासारखं उघडतं आणि आतला मजकूर वाचता येतो. एकपानी कार्डांना वरच्या कडेला पातळ कागदाची पट्टी लावली. मधल्या जागेत पाकिटांवरची तिकिटं, पोस्टाचे शिक्के आणि जुन्या चांदणीचा फाटका घोटीव कागद.

पुठ्ठ्यावर केलं तर ते बॅगेत जाणार नव्हतं. तेव्हा दासोपंतांची आठवण झाली. दासोपंतांनी (१५५१–१६१५) याच गावात ‘पंचीकरण’ पासोडीवर लिहिलं. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड, त्यावर ओव्या आणि आकृत्या. ती पासोडी अजून अंबाजोगाईत जपलेली आहे. मी मांजरपाट घेतला, दोन हात लांब, आणि कार्डांच्या रांगांमध्ये बोटभर जागा सोडली, म्हणजे तिथे घडी घालता येते.

चिकटवायला मैद्याची खळ केली. वाटीभर मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. फेव्हिकॉल एकदा धरला की सोडत नाही. खळ मात्र ओल्या फडक्याने पुन्हा सुटते, कार्ड सहीसलामत निघतं. लावताना मधून कडेकडे दाबत जायचं, नाहीतर ओला कागद फुगून सुरकुत्या पडतात. सगळं आधी कोरडं मांडून फोटो काढला आणि मगच खळ लावली. रात्रभर वर वह्यांचा गठ्ठा ठेवला.

नाताळच्या संध्याकाळी घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. मावशींनी देवदूताकडे पाहिलंच नाही. डबा ओळखला, माझ्याकडे एकदा पाहिलं, चष्मा शोधला आणि एकेक दार उघडून वाचत बसल्या. तासभर तरी. मध्येच म्हणाल्या, “हिचं अक्षर बघ, इंजेक्शन द्यायची तशीच लिहायची.” उजव्या कोपऱ्यात थोडी जागा रिकामी राहिली होती. “इथं तुझं कुठंय?” मी त्यांच्याच पेनाने तिथे दोन ओळी लिहिल्या. त्या काय होत्या ते इथे सांगत नाही.

जानेवारीत त्या गेल्या. कापड घडी घालून बॅगेत साड्यांमध्ये ठेवलं होतं. परवा पुण्याहून फोन आला. नात रोज दारं उघडते, हे कोण, ते कोण विचारते, आणि त्यात पाणीटंचाईवालं कार्ड एका कडेने सुटलंय. खळ कशी करायची ते त्यांनी पुन्हा विचारलं. मी प्रमाण सांगितलं.

“मोरचूद नको गं,” त्या म्हणाल्या, “पोरगी हात लावते. लागेल तेव्हा ताजी करीन.”