आमची टी. टी.

आमच्या घराण्याला वेगाची परंपरा नाही. आजोबा गाडीच्या वेळेआधी दीड तास स्टेशनावर जाऊन वळकटीवर बसत. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७६ साली स्कूटरसाठी नाव नोंदवले. स्कूटर दारात आली तेव्हा मी दुसरीतून सातवीत गेलो होतो. इतकी वाट पाहून मिळालेले ते वाहन नानांनी उभ्या आयुष्यात ताशी चाळीसच्या पुढे नेले नाही. "घाई असती तर पाच वर्षे थांबलो असतो का?" असे ते विचारत.

अशा घरात जन्मून मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, जुनी का होईना, पण चक्क शर्यतीच्या वाणाची मोटार घेतली. दोन दारे, पुढे दोन ऐसपैस बैठका, मागे दोन नावापुरत्या, आणि पाठीकडे घसरत गेलेले छप्पर. अशा गाडीला कूपे म्हणतात. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ 'कापलेली' असा आहे. पैसे मोजून झाल्यावर तो अर्थ मला पूर्णपणे पटला.

गाडीचे नाव ऑडी टी. टी. ते घरात जाहीर केले तेव्हा सौ. म्हणाली, "टी. टी.? गंजका खिळा लागल्यावर दंडात टोचतात ते?"

नाना वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. दादर टी. टी."

आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर १९०७ सालापासून मोटारसायकलींच्या टूरिस्ट ट्रॉफी नावाच्या शर्यती होतात, त्यांवरून हे नाव आले, असे मी समजावून सांगितले.

"त्याच साली मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली," एवढे बोलून नानांनी पान उलटले.

त्यांच्या तोंडी दादर यावे हे साहजिकच होते. दादर टी. टी.जवळच्या चाळीतली आमची दोन खणांची खोली नानांनी नुकतीच मालकाला सोडून दिली होती. तिचे जे पैसे आले त्यांचे दोन सारखे वाटे करून त्यांनी ताईला आणि मला दिले. ताईने आपला वाटा बँकेत ठेवीत ठेवला. मी माझ्या वाट्यात थोडी भर घालून २००९ सालची ही गाडी आणली. नव्या साध्या कुटुंबवत्सल गाडीच्या किमतीत ती मिळाली, हे मी दोनदा सांगितले. नाना काही बोलले नाहीत. ते रागावले की बोलत, आणि मग राग निवळे. त्यांचे गप्प बसणे मात्र मला लहानपणापासून सोसत नाही.

अशी गाडी स्वस्तात का मिळते, हे एकदा समजून घेण्यासारखे आहे. पहिला मालक नवेपणाची किंमत मोजतो, दुसरा मिरवण्याची. तिसऱ्यापर्यंत येता येता फक्त गाडी उरते. तिची किंमत उतरते. सुट्या भागांची उतरत नाही. विकणारे गृहस्थ म्हणाले होते, "टायर अगदी नव्यासारखे आहेत." नक्षी खरोखरच शाबूत होती. पुढे आमच्या मेकॅनिकने टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. माझ्या टायरवर १११२ असे होते. म्हणजे २०१२ सालचा अकरावा आठवडा. २०२० साली मी आठ वर्षांचे रबर नवे म्हणून विकत घेतले होते! उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. चारही बदलले. मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, विमा, नावबदल. हे सारे होऊन दसऱ्याला तिच्या नाकावर झेंडूचा हार घातला, तेव्हा तो जमिनीला टेकत होता.

आता तिचे गुण ऐका. सहा सिलिंडरांचे ३.२ लिटरचे इंजिन. अडीचशे अश्वशक्ती. उभी असल्यापासून ताशी शंभराचा वेग गाठायला सहा सेकंदांहून कमी. कमाल वेग ताशी २५० किलोमीटर, आणि तोही कारखान्यानेच रोखून धरलेला. ज्या जर्मनीत तिचा आराखडा झाला तिथल्या महामार्गांवर पुष्कळ ठिकाणी वेगाला बंधन नाही. ताशी १३० ची नुसती शिफारस आहे. आमच्या कोथरूडात मात्र तिची गाठ पहिल्याच दिवशी गतिरोधकाशी पडली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असावा. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाने हा नियम वाचलेला नाही. तिथे मी गाडी तिरकी करून एकेक चाक चढवतो, आणि मागचे रिक्षावाले माझ्या पूर्वजांचा उद्धार करतात. एक लिटर पेट्रोलमध्ये ती शहरात सहा-सात किलोमीटर जाते. सौ. तिच्यातून एकदाच मंडईत आली. येताना फ्लॉवर मागच्या बैठकीवर बसवून म्हणाली, "चला, कोणीतरी मावले मागे!"

हळूहळू मी ती काढीनासा झालो. अडीचशे अश्वशक्तीची गाडी आच्छादनाखाली उभी, आणि मी रिक्षाने बँकेत. एका सकाळी कळ दाबली तर नुसते टिक टिक झाले. न वापरल्यामुळे बॅटरी उतरली होती. नाना खिडकीतून पाहत होते. त्या दिवशी मला वाटले, ताईने केले तेच बरोबर. साऱ्या घराने जिथे दिवस काढले ती खोली मी एका पत्र्याच्या खोक्यात घातली, आणि ते खोके सुरूसुद्धा होत नाही.

बॅटरी बदलून आणली त्या रात्री नाना दारात येऊन उभे राहिले. "उद्या पहाटे मोकळा आहेस?"

२०२१ सालच्या थंडीचे दिवस होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे नाना, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि गाडीची बैठक पाटाएवढी खाली. आधी बूड टेकायचे, मग पाय एकेक करून आत घ्यायचे. हे सगळे होईस्तोवर पाच मिनिटे गेली. किवळ्याला आम्ही द्रुतगती मार्गाला लागलो. रस्ता मोकळा होता, उजाडायला नुकतीच सुरुवात झाली होती. मी पाय जरा दाबला. गाडी गुरगुरली आणि आम्हां दोघांच्या पाठी बैठकीला चिकटल्या. काटा शंभरावर आला तसा मी पाय सैल केला; तिथल्या सपाट रस्त्यावरची मर्यादा तेवढीच आहे. शेजारी पाहिले. नानांनी दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरली होती आणि डोळे विस्फारून ते समोर बघत होते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दादरची खोली बरी पळते आहे रे!"

मला काही बोलता येईना. तेच बोलू लागले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली. एकवीस वर्षांचे नाना त्या गर्दीत उभे होते. मला हे कधी सांगितले नव्हते. "पाय निघत नव्हता तिथून," ते म्हणाले. "आत जाऊन बसायचे राहून गेले. म्हटले, गर्दी आहे, उद्या बसू."

लोणावळ्याला चहासाठी थांबलो. नानांना बाहेर काढायला मी ओढत होतो आणि चहावाल्याचा पोऱ्या आतून रेटत होता. बाहेर आल्यावर नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

२०२३ च्या पावसाळ्यात नाना गेले. पुढल्या वर्षी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली. "काढून टाका आता," असा सल्ला पुष्कळांनी दिला, आणि हिशेबाने तो योग्यच होता. सौ. काय म्हणते म्हणून मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "फॉर्म कधी भरताय?" तपासणी होऊन आणखी पाच वर्षांची नोंदणी मिळाली.

आता दर रविवारी पहाटे मी ती काढतोच. वेगासाठी नव्हे, शंभराच्या पुढे मी अजून गेलेलो नाही. पण ती 'उद्या'वर टाकायची नाही, एवढे मी ठरवले आहे. गेल्या महिन्यापासून उतरताना माझा उजवा गुडघा कुरकुरू लागला आहे. गाडीला पाच वर्षांची मुदत लिहून मिळाली. गुडघ्याला तशी कोणी देत नाही.