यंत्राची वारसनोंद

म्हसळ्यात तहसील कचेरीच्या वाटेवर माझ्या बाबांची एक छोटी खोली होती. एक टेबल, एक लाकडी बाक आणि एक संगणक. लोक यायचे, अडचण सांगायचे आणि बाबा तिचा अर्ज करून द्यायचे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा छपराची कौले उडत असताना बाबा संगणकाला ताडपत्रीत गुंडाळत होते. पुढे वीज आल्यावर त्याच यंत्रावर त्यांनी पडलेल्या घरांचे, आडव्या झालेल्या पोफळींचे कितीतरी अर्ज टंकले.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडे अर्ज, पंधरा दिवसांची नोटीस, फेरफार असे सगळे सोपस्कार होऊन सातबाऱ्यावर आमची नावे लागली. मला वाटले, संपले.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज पडली आणि संगणकाचा मदरबोर्ड जळला. कारागिराने नवा बसवला. पडदा उजळला, बाबांच्या फायली जागच्या जागी होत्या. पण खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरे उमटली : ‘विंडोज सक्रिय करा.’

कारागिराने समजावले. २००१ साली विंडोज एक्सपी आली, तेव्हापासून ही प्रणाली यंत्राच्या अवयवांवरून त्याची ओळख ठेवते. स्मृती वाढवली, डिस्क बदलली, तर सहसा चालते. मदरबोर्ड बदलला की तिच्या लेखी यंत्रच नवे. यंत्राबरोबर आलेला परवाना जुन्या बोर्डाबरोबरच संपतो. सुटा विकत घेतलेला मात्र नव्या यंत्रावर नेता येतो. बाबांनी विंडोज १० सुटी घेतली होती आणि आपल्या खात्याशी जोडूनही ठेवली होती. म्हणजे हक्क होता, पण तो बाबांच्या नावावर!

त्यांच्या जुन्या डायरीत, उधारीच्या पानामागे, परवलीचा शब्द सापडला. तो माझेच घरातले नाव होते. मी तो टंकला. एवढ्यात आतून आई आली. “अरे, ह्यांच्या नंबरावर कसले आकडे आलेत बघ.” बाबांचा नंबर आम्ही बंद केला नव्हता. आईने एकेक आकडा सावकाश वाचला. शेवटच्या आकड्याला तिचा आवाज जरा अडला.

‘हार्डवेअर नुकतेच बदलले आहे’ या ओळीवर टिचकी मारली. बाबांच्या नावावरच्या यंत्रांची यादी आली. यादीत एकच यंत्र. शेजारी चौकट होती : सध्या मी वापरत आहे ते यंत्र हेच.

माझा हात थांबला. हा ‘मी’ कोण? खाते बाबांचे, बोटे माझी. तलाठ्याने मला कागद मागितले होते. इथे कुणी काहीच मागत नव्हते, आणि म्हणूनच खूण करणे जड जात होते. सातबाऱ्यावर नाव चढते ते कागदाने. पण बाबांच्या खुर्चीत मी अजून एकदाही बसलो नव्हतो, तो अर्जही उभ्यानेच टंकत होतो.

मी खुर्ची ओढली, बसलो आणि चौकटीत खूण केली. कोपऱ्यातली अक्षरे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी दारात उभ्या राहिल्या. “अर्जवाले आहेत का रे, बाळा?”

“आहेत, आजी. बसा,” मी म्हणालो.