धुरातला चोर्ला घाट

मार्च २०२३ चा दुसरा आठवडा. आत्याला भेटायला बेळगावहून सत्तरीला निघालो होतो. जांबोटी, कणकुंबी मागे पडली आणि चोर्ला घाटात नेहमीची दरीच दिसेना. पुढच्या बाकावरची बाई लेकराच्या नाकाला पदर लावत म्हणाली, ''होगे, होगे!'' म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते. नौदल, हवाई दलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती.

आत्याला जुना दमा. उन्हाळ्याच्या उकाड्यात दारं-खिडक्या लावून, तोंडावर ओलं फडकं धरून बसली होती. फडक्यानं राख अडते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र आरपार जाऊन फुप्फुसात खोल उतरतात. वर्गात हे शिकवणं सोपं, तिला सांगणं जड गेलं. करोनातल्या उरलेल्या एन-९५ मुखपट्ट्या माझ्या घरी कपाटात!

''बेळगावला चल'' म्हटलं, तर म्हणाली, ''आणि काजू कोण वेचणार रे?''

रात्रभर तिची धाप ऐकत जागा राहिलो. सकाळी पंप ओढून, टोपली घेऊन ती निघालीच. मीही मागोमाग गेलो. झाडाखालच्या बोंडूंवर राखेचा पातळ थर होता. ती एकेक पुसून टोपलीत टाकत होती.