पठाण, नांगर आणि खामगावची रुई

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात नांगर म्हणजे जमीन उलटवायचं औत. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात नांगर म्हणजे बोट जागेवर धरून ठेवणारं लोखंड. शब्द एकच, पण आमच्याकडे तो चालवतात आणि तिकडे तो टाकतात. उर्दूत त्याच लोखंडाला लंगर म्हणतात, आणि लंगर म्हटलं की आमच्या गावात लोकांना उरुसातल्या जेवणाच्या पंगती आठवतात. दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला अशा शब्दांचा नाद लागला तर नवल नाही.

विदर्भ-मराठवाड्यातली माझ्या पिढीची कितीतरी पोरं डीएड-बीएड करून कोकणात मास्तर झाली. मीही त्यातलाच. उर्दू शाळेत नेमणूक मिळाली ती थेट समुद्रकाठी, आणि आंतरजिल्हा बदली होईपर्यंत बरीच वर्षं तिथेच गेली. वर्गातली निम्मी मुलं दालदी घरांतली. दालदी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे मुसलमान. घरात कोकणी बोली, मशिदीत अरबी, शाळेत उर्दू आणि सरकारी कागद मराठीत. या चार भाषांच्या मधोमध मी वऱ्हाडी वळणाचं बोलत उभा. मुलं हसायची, पण सांभाळून घ्यायची.

बंदरावर पहिल्यांदा ‘पठाण अजून ठणठणीत आहे’ हे वाक्य कानावर आलं, तेव्हा मला वाटलं कुणा म्हाताऱ्याची तब्येत विचारताहेत. आमच्या मोहल्ल्यात पठाणांची चार घरं आहेत. पण हा पठाण लाकडाचा होता. बोटीच्या बुडाला नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जो एकसलग जाड वासा असतो, ज्यावर सगळी बोट उभी राहते, तो पठाण. बोट दुरुस्त करायची की मोडीत काढायची, हे आधी पठाण बघून ठरतं. फळ्या बदलता येतात, आतल्या बरगड्याही बदलता येतात. पठाण गेला की तीच बोट म्हणण्यात अर्थ उरत नाही.

ही गोष्ट २०१६ ची. माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांची लाकडी बोट होती, सागवानी, बावीस वर्षांची. गावात सगळे त्यांना नाखवा म्हणत, मीही तेच म्हणायचो. ट्रॉलिंगची बोट. म्हणजे मागे लोखंडी चौकट, मधे जाळं ओढणारा विंच, आणि जाळ्याचं तोंड पाण्यात उघडं ठेवणाऱ्या दोन जड फळ्या. जाळं तळाशी सोडायचं आणि इंजिनाच्या जोरावर तासन्‌तास ओढत राहायचं. त्यात डिझेल किती जळतं ते नाखव्याला तोंडपाठ होतं. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला राज्य सरकारने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा आदेश काढला होता, आणि चहाच्या प्रत्येक टपरीवर जाळ्यांचीच चर्चा चालू होती. नाखव्याची बोट पर्ससीनची नव्हती, त्या आदेशाचा त्यांच्याशी थेट संबंध नव्हता. पण कोणतं जाळं पुढे टिकेल हा विचार त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्याच डोक्यात होता. त्यांनी ठरवलं, विंच काढायचा, ट्रॉल सोडायचं आणि गिलनेटवर यायचं. संध्याकाळी पाण्यात पडद्यासारखं जाळं सोडायचं, रात्रभर त्याच्याबरोबर वाहत राहायचं, पहाटेआधी हाताने ओढून घ्यायचं. डिझेल कमी, पण सात-आठ जणांचे हात हवेत.

माझा या प्रकरणात शिरकाव झाला तो अर्जामुळे. जाळ्याचा प्रकार बदलायचा तर परवान्यात बदल हवा, आणि अर्ज मराठीत. ‘सबब विनंती की’ पासून ‘आपला विश्वासू’ पर्यंत मी लिहून दिलं. मोबदल्यात सुरमई यायची आणि बोटीजवळ बसायला जागा मिळायची.

तिथे बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी मासे खाणाऱ्या बहुतेक लोकांना ठाऊक नसते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एकसष्ट दिवस. मासळीची वीण व्हावी आणि खवळलेल्या दर्यात माणसं जाऊ नयेत, म्हणून. नियम योग्यच आहे. पण बोट दुरुस्तीला रिकामी मिळते ती याच दोन महिन्यांत, आणि कोकणात सगळ्यात जास्त पाऊस पडतो तोही याच दोन महिन्यांत. लाकूड वाळवायचं ते कधी? मेस्त्री म्हणायचे, ‘आजारी माणसाला भिजवत भिजवत औषध द्यायचं, तसं आहे हे.’

मेस्त्री सत्तरीला टेकलेले, गळ्यात तुळशीची माळ. नाखव्याच्या वडिलांची बोटही त्यांनीच बांधली होती. नाखव्याला बोटीला बाहेरून फायबर चढवायचं होतं. बंदरातल्या निम्म्या लाकडी बोटींना चढलंच होतं. गुळगुळीत, रंग टिकतो, गळती नाही, किडा लागत नाही. हा किडा लाकडात नळीसारखी भोकं पाडत जातो; दिसायला अळी, पण खरं तर शिंपल्यांच्याच कुळातला प्राणी. मेस्त्रींचा फायबरला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की फायबर कोरड्या लाकडावर चढवायचं असतं. ओल्या लाकडावर चढवलं तर ओल आत कोंडते, लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरून काही कळत नाही. शिवाय जुनी लाकडी बोट लाटेवर थोडी हलते, फळ्या एकमेकींवर सरकतात. वरचं कवच हलत नाही. ते कुठेतरी तडकतं, तिथून पाणी शिरतं. ‘लाकूड गळलं तर सांगतं तरी, मास्तर. हे सांगत नाही.’

म्हणजे फायबर लावा नाहीतर कापूस भरा, बोट एप्रिलमध्येच वर काढायला हवी होती. आणि एप्रिल-मे म्हणजे कमाईचे महिने. ज्याच्याकडे चार बोटी आहेत तो एक आरामात वर काढतो. ज्याच्याकडे एकच आहे, आणि तीही व्यापाऱ्याच्या उचलीवर चालते, तो ३१ मेपर्यंत दर्यातच असतो. मग जूनच्या पावसात प्लास्टिकच्या कापडाखाली घाईघाईने भोकं बुजवतो, ऑगस्टमध्ये तीच बोट घेऊन खोल पाण्यात जातो. लोक म्हणतात, मच्छीमार निष्काळजी असतात. मला ते पटत नाही. दोन कोरडे महिने विकत घ्यायला पैसे लागतात, आणि ते प्रत्येकाकडे नसतात.

नाखव्याने ते विकत घेतले. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. आमच्याकडे पेरणीच्या तोंडावर पडतात तशाच.

पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला बोट वर ओढली. बुडावरचे शिंपले खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन तिला उन्हात ठेवली. मग मेस्त्री हातोडी घेऊन एकेक फळी वाजवत गेले. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा भद्द. मला फरक कळायला तीन दिवस लागले. सातवीतल्या त्या पोराला आधीपासूनच कळत होता. अकरा फळ्या निघाल्या. खिळ्यांच्या भोवती लाकूड काळं पडलं होतं, लोखंड गंजलं की आसपासचं सागवानही खातं. पठाण ठणठणीत.

निर्णय असा झाला की मासळी आणि बर्फ ठेवायच्या खणाला आतून फायबर, आणि बाहेर पाण्याखालचं अंग लाकूड-कापूसच. फळ्यांच्या सांध्यात कापसाच्या सैल वाती ठोकून बसवतात, वरून राळ आणि तेलाचं मिश्रण. बोट पाण्यात गेली की लाकूड फुगतं, कापूस आवळला जातो आणि सांधा बंद होतो. यातही मेख आहे. लाकूड अगदी खडखडीत वाळलं असताना कापूस दाबून भरला, तर फुगल्यावर फळ्याच एकमेकींना ढकलतात आणि खिळे उपटतात. किती भरायचा ते हातोडीखालच्या आवाजावरून ठरतं. वहीत लिहून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं, मी प्रयत्न केला होता.

मी मेमध्ये गावी निघालो तेव्हा मेस्त्री म्हणाले, ‘तुमच्या मुलखातला कापूस घेऊन या की. इथे बाजारात मिळतो त्यात नुसता कचरा.’ खामगावला माझे मामू आहेत. खामगाव म्हणजे कापसाची जुनी पेठ; इंग्रजांनी १८७० साली जलंबपासून तिथपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला तो या कापसापायीच. मामूंनी ओळखीच्या जिनिंगमधून दहा किलो रुई दिली, सरकी काढलेली, स्वच्छ. ‘गादी भरायची का?’ त्यांनी विचारलं. बोटीत भरायची आहे म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ‘समंदर में रुई डालते क्या रे? वहाँ के लोगों का दिमाग ठीक है ना?’ अब्बांनी शांतपणे सांगितलं, ‘ले जाने दे. अपना कपास कहाँ कहाँ जाता, अपने को क्या मालूम.’

मेस्त्रींनी रुईचा पुंजका दोन बोटांत धरून ओढला, धागा लांब आहे म्हणाले, आणि कामाला लागले. कौतुक एवढंच.

शीडकाठीचा भाग मात्र वादाचा होता. विंच आणि लोखंडी चौकट निघाल्यावर मागचं वजन गेलं, बोट पुढे झुकली. वाळूची पोती इकडून तिकडे सरकवत तोल बघितला आणि त्यानुसार बर्फाचा खण थोडा मागे घेतला. आता डोलकाठी. इंजिनाच्या बोटीला ती दिव्यासाठी आणि बावट्यासाठी लागते, लोखंडी पाइप उभा केला तरी चालतो. नाखव्याने उंडीच्या लाकडाची मागितली. उंडी सरळ वाढते, लवचीक असते, कोकणात डोलकाठीला पूर्वीपासून तीच. एवढ्यावर न थांबता त्यांनी परबाण, म्हणजे शीड बांधायची आडवी काठीही करून घेतली आणि लहानसं तिकोनी शीड शिवून घेतलं. बंदरावर हशा पिकला. जीपीएसच्या जमान्यात शीड! नाखवा म्हणाले, ‘जीपीएस मी कुठे बुडतोय ते सांगेल. घरी आणणार नाही.’

शीड चढवायच्या दोऱ्या कशा ओवायच्या हे फक्त मेस्त्रींना येत होतं, आणि त्यांनाही दोनदा उसवून परत ओवाव्या लागल्या. खलाशी पोरं भोवती उभी. कप्पीतून दोर, दोर परबाणाला, वारा फिरला की काठी डोलाच्या दुसऱ्या अंगाला कशी न्यायची. त्या वर्षी रमजान जूनमध्ये आला होता. रोजे ठेवलेली माणसं प्लास्टिकच्या छताखाली दोर ओढत होती, आणि मगरिबच्या आधी मेस्त्री स्वतःच हातोडी खाली ठेवत, ‘चला, तुमची वेळ झाली.’

मी तेव्हा शब्द गोळा करत होतो. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. सुकाणू हे अरबी ‘सुक्कान’. बंदर आणि दर्या फारसी. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे, त्यात नाखुदानंतर ‘मुअल्लिम’ येतो. ताऱ्यांवरून वाट काढणारा माणूस. पुढे किनाऱ्यावर त्याचाच मालम झाला. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. हे मी नाखव्याला सांगितलं तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘मग येता का बोटीवर?’ मला बंदराच्या आतही मळमळतं. विषय तिथेच संपला.

मूळ अडचण त्या पोराची होती. वडिलांना वाटायचं त्याने दहावी करावी, त्याला बोटीशिवाय काही सुचत नव्हतं. आठ माणसांचे हात हवेत म्हटल्यावर आठवा हात कुणाचा, हे घरात न बोलता सगळ्यांना माहीत होतं. ऑगस्टमध्ये दर वर्षी वर्गातली दोन-चार मोठी मुलं गळतात, मी हजेरीपत्रकावर ते बघितलेलं. परवान्याचा अर्ज लिहून देताना मी नाखव्याकडून शब्द घेतला, मुलगा दहावीपर्यंत शाळेत. त्यांनी तो पाळला. त्यासाठी एक खलाशी जास्तीचा ठेवावा लागला, आणि बांगड्या सुटायला एक हंगाम उशीर झाला. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मुलाच्या आईने पालकसभेत सांगितलं.

शीड एकदाच कामाला आलं. पुढच्या हिवाळ्यात, किनाऱ्यापासून बरंच दूर, इंजिन बंद पडलं. दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे वारा सुटतो, त्या वाऱ्यावर ते तिकोनी कापड लावून चार तास सरकत राहिले, आणि अंधार पडता पडता दुसऱ्या बोटीने दोर दिला. बंदरात तेव्हा कुणी हसलं नाही, पण कुणी शीडही शिवून घेतलं नाही.

आता मी बुलडाण्यात शिकवतो. इथून तासा-दीड तासावर अजिंठा आहे. तिथल्या दुसऱ्या लेण्यात शिडाच्या जहाजाचं चित्र आहे, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं. त्याच चित्रावरून बेतलेलं, फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं. सहलीला मुलांना तिथे नेलं की मी त्या चित्रातल्या डोलकाठ्या मोजायला लावतो. समुद्र न पाहिलेली मुलं विचारतात, सर, यात पाणी शिरत नाही का? मग माझा अर्धा तास कापसावर जातो. त्यातल्या बहुतेकांच्या घरी कापूस पिकतो.

नाखव्याचा गेल्या मार्चमध्ये फोन आला होता. मेस्त्रींचा हात आता थरथरतो, ते खुर्चीवर बसून फक्त ऐकतात आणि हातोडी माझा तो विद्यार्थी चालवतो. दहावीनंतर त्याने बोटीचं सुतारकाम धरलं. फळ्या या वेळी चौदा बदलायच्या आहेत, पठाण अजून बरा आहे. रुई पाठवाल का, त्यांनी विचारलं, आणि भाव काय चाललाय. मी भाव सांगितला. पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग ते म्हणाले, ‘पिकवणाऱ्याला एवढाच मिळतो?’

पंधरा किलो पाठवली. मामू आता विचारत नाहीत.