दहा फुटांवरची लावणी

लावणी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? स्टेज, शिट्ट्या, कानठळ्या बसवणारे स्पीकर? मग एकदा चौफुल्याला जाच. पुण्याहून सोलापूर हायवेने साधारण ६० किलोमीटर. इथल्या कला केंद्रांमध्ये संगीतबारी चालते. छोटीशी खोली, खाली गादी, समोर पेटी, तबला, ढोलकी. माइक नाही!

पन्नाशीच्या बाई आल्या आणि चक्क बसल्या. ही बैठकीची लावणी. (२०१२ मध्ये पद्मश्री मिळालेल्या वाईच्या यमुनाबाई वाईकर याच परंपरेतल्या.) एकच ओळ त्यांनी सहा वेळा गायली. एकदा रुसून, एकदा चिडवत, एकदा थेट माझ्याकडे बघत. मी झटकन मान खाली घातली. ग्रुपमधली मी एकटीच मुलगी. यूट्यूबवर ऐकून ऐकून लावण्या पाठ असलेली, स्वतःला फॅन वगैरे म्हणवणारी! इथे साधी दाद द्यायला तोंड उघडेना. दौलतजादा म्हणून काढलेली नोट घामाने ओली झाली. ती द्यायची कशी, हेही कळेना.

‘ताई, वर बघा की,’ बाई हसल्या. ‘गाणं तुमच्यासाठी चाललंय, गादीसाठी नाही.’

वर बघितलं. त्यांनी तीच ओळ सातव्यांदा घेतली, अगदी हळू. माझ्या तोंडून ‘वा!’ निघालं, पण सम येऊन गेल्यावर. ढोलकीवाले काका गालातल्या गालात हसले.