दवाखान्यात पोहोचेपर्यंत



परवा चौथीच्या वर्गात हेमलकशाची गोष्ट सांगत होते. १९७३ साली बाबा आमट्यांनी गडचिरोलीच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. वीज नाही, रस्ता नाही. सुरुवातीला पेशंट झाडाखाली तपासायचे. अस्वलाने फाडलेल्या चेहऱ्यांना तिथेच टाके घालायचे. मंदाताई भूलतज्ज्ञ, पण भूल द्यायची साधनं कुठली असायला! जखमीला खाटेवर घालून नातेवाईक मैलोन् मैल चालत आणायचे.

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, तोवर रक्त वाहतच राहायचं का?"

मला एकदम दोन वर्षांपूर्वीची दुपार आठवली. तिसरीतल्या एका मुलाची पोटरी पत्र्याने कापली. मी रुमाल दाबला, पण थांबलं का हे बघायला दर मिनिटाला उचलत होते. प्रत्येक वेळी पुन्हा भळाभळा. कुणी हळद आणली, कुणी तंबाखू. प्रथमोपचार पेटी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली सापडेना. तालुक्याच्या दवाखान्यात सर्जन नव्हते, जिल्ह्याला पाठवलं. टाके पडले तेव्हा संध्याकाळ झालेली. पोरगं वाचलं, आता पळतंय. पण गाडीत मांडीवर त्याचा पाय धरून बसले होते ना, ते अजून झोपेत येतं.

नंतर नर्सताईंनी समजावलं: कापड उचलून बघायचंच नाही. तळहाताने जोर देऊन दाबून धरायचं. भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवायचं. काच-खिळा रुतला असेल तर उपटायचा नाही, बाजूने दाबायचं. आणि कुणीतरी लगेच १०८ लावायचा. ही गाडी मोफत असते, महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण वाडीवर यायला वेळ लागतोच. तोवर सर्जन म्हणजे आपला तळहात.

ते सगळं मुलांना करून दाखवलं. जोड्या करून हात दाबायला लावले. दहा मिनिटं न सोडता! चौथ्या मिनिटाला "बाई, हात दुखला" सुरू झालं. ओढणी चालेल का, रेंज नसली तर काय, असे प्रश्न आले. रेंजचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मग एकाने सांगितलं, देवळाच्या ओट्यावर येते. आम्ही जाऊन बघितलं, खरंच येते.

पेटी आता वर्गाच्या दाराशी खिळ्याला टांगली आहे. कुलूप काढून टाकलंय.